भोंग्यानंतरचं गाणं

घोडपदेव ही आवाजांच्या मधोमध वसलेली वस्ती. पूर्वेला रे रोड स्टेशन, हार्बर लाइनच्या गाड्या आणि रुळांपलीकडे दारूखाना, जिथे म्हाताऱ्या जहाजांचे पत्रे दिवसभर घणाखाली असायचे. दक्षिणेला माझगावची गोदी. पश्चिमेला राणीबाग आणि भायखळ्याच्या गिरण्या, उत्तरेला काळाचौकी, लालबाग. आणि अगदी उशाशी न्यू हिंद मिल. वारा कुठून सुटलाय ते आम्हाला कानांनी कळायचं. बंदराकडून आला की लोखंड ऐकू यायचं, गिरण्यांकडून आला की माग. या सगळ्यांवर भोंगा. पाळीचा भोंगा झाला की रामभाऊ भोगले मार्गावर चपलांची सळसळ उठायची, जाणाऱ्यांची आणि सुटलेल्यांची. घड्याळ मजल्यावर एखाद्याकडे असायचं. भोंगा सगळ्यांचा होता.

माझी पिढी या आवाजाच्या उतरणीला वाढली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गिरणीबाहेर आले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. काही गिरण्या पुढे अर्ध्यामुर्ध्या चालू झाल्या, काहींचे दरवाजे उघडलेच नाहीत. भोंगे एकेक करून गळत गेले. त्याच वर्षांत आमच्या खोलीत एक कॅसेट आली आणि तिच्यातून भोंगा वाजला.

कॅसेट आणली होती माझ्या मावसभावाने. दादा माझगावला एका वर्कशॉपात फिटरच्या हाताखाली लागला होता. तिथे त्याचा एक दोस्त होता, म्हातारपाखाडीचा. त्याचे वडील बोटीवर. बोटीवरून टेपरेकॉर्डर यायचे, अत्तरं यायची, आणि रेकॉर्डीही यायच्या. त्या रेकॉर्डींवरून कोऱ्या कॅसेटी भरल्या जायच्या आणि हातोहात वस्तीभर फिरायच्या. दादाच्या कॅसेटवर निळ्या शाईत ‘ब्लॅक सॅबथ २’ एवढंच लिहिलेलं होतं. पहिल्याच गाण्यात, जड गिटारच्या मागून, सायरन चढू लागला. आई पोळ्या लाटत होती. तिने हात थांबवला, दाराबाहेर पाहिलं आणि विचारलं, “कुठली चालू झाली रे?” संपानंतरच्या त्या दिवसांत भोंगा ऐकू येणं ही बातमी होती. दादाने टेप बंद केला. तिला कुणीच काही सांगितलं नाही.

ती रेकॉर्ड होती ‘पॅरानॉइड’, ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडचा दुसरा अल्बम. इंग्लंडात तो १८ सप्टेंबर १९७० ला निघाला. आमच्यापर्यंत यायला त्याला दहाबारा वर्षं लागली, आणि तो आला तो गोदीच्या वाटेने. याचं मला आजही बरं वाटतं. तो आमच्याकडे दुकानातून आला असता तर परका राहिला असता. तो कामावरून आला.

आणि होताही तो कामावरचाच. ही चार मुलं बर्मिंगहॅम शहरातल्या ॲस्टन भागातली. बर्मिंगहॅम म्हणजे इंग्लंडचं लोखंडकामाचं शहर: मोटारींचे भाग, स्क्रू, पत्रे, बंदुका. युद्धात तिथे जर्मन बॉम्ब पडले होते आणि ही मुलं पडक्या इमारतींच्या ढिगाऱ्यांवर खेळत मोठी झाली. गायक ओझी ऑस्बर्नने कत्तलखान्यात काम केलं होतं, मोटारींचे हॉर्न लावून बघायच्या कारखान्यात केलं होतं. बंद खोलीत दिवसभर हॉर्नच हॉर्न. ढोलक्या बिल वॉर्ड सांगतो, की लहानपणी रात्री अंथरुणात पडल्यापडल्या लोहारखान्यांतले यांत्रिक घण ऐकू यायचे आणि तो त्यांच्याबरोबर बोटांनी ठेका धरायचा. हे मी पुढे कधीतरी वाचलं तेव्हा वाचता वाचता थांबलो. असं झोपलेलं मूल मला माहीत होतं. घोडपदेवच्या प्रत्येक खोलीत एकेक होतं.

पण या चौघांत माझं मन जडलं ते टोनी आयोमीवर. गिटार वाजवणारा, डावखुरा. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वाद्यवृंदाबरोबर परदेशी जायची संधी आली म्हणून त्याने नोकरी सोडली. शेवटचा दिवस. दुपारच्या सुट्टीत घरी जेवायला आला आणि म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, सोडायचं तर नीट सोड, दिवस पुरा करून ये. तो गेला. त्या दिवशी त्याला सवय नसलेल्या यंत्रावर उभं केलं होतं. यंत्र खाली आलं, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुऱ्या माणसाचा उजवा हात हा गिटारच्या तारा दाबायचा हात. डॉक्टरांनी सांगितलं, वाजवणं विसर.

मग त्याच कारखान्यातल्या मॅनेजरने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. जँगो हा भटक्या जमातीतला गिटारवादक. १९२८ मध्ये तांड्यातल्या गाडीला लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती, आणि उरलेल्या दोन बोटांवर त्याने अख्ख्या युरोपाला वेड लावलं. आयोमी घरी आला. भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणं बनवली, जुन्या कातडी जाकिटाचा तुकडा कापून त्यावर चिकटवला. गिटारच्या नेहमीच्या तारा त्या बोटांनी दबेनात, म्हणून बँजोच्या पातळ तारा चढवल्या. कातडं तारेवर घसरायचं, म्हणून स्वरांची रचना बदलली. थोडे, जाड, लांबवर धरून ठेवता येतील असे सूर. जगभर ज्याला हेवी मेटल म्हणतात त्या संगीताच्या मुळाशी एका कामगाराची ही जुळवाजुळव आहे. यंत्राने नेलेलं जे परत मिळणार नाही, त्याच्या जागी हाताला येईल ते बसवून पुन्हा कामाला लागणं.

आमच्या मजल्यावरच्या एका काकांची अशीच बोटं गेली होती. कुठल्या कारखान्यात, ते महत्त्वाचं नाही. ते पखवाज वाजवायचे. अपघातानंतर त्यांनी पखवाज आडवा घ्यायची बाजू बदलली. शाईचा भाग दुसऱ्या हाताकडे घेतला आणि पहिल्यापासून शिकल्यासारखं बसून बोल घोटले. मला त्यांच्याकडे पाहून कधी कीव आली नाही, कारण त्यांनी ती येऊ दिली नाही. आयोमीबद्दल वाचताना मला त्यांचा आडवा खांदा दिसतो.

ब्लॅक सॅबथची पहिली रेकॉर्ड निघाली १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी. ती त्यांनी एका दिवसात रेकॉर्ड केली होती. रोज क्लबात वाजवत होते तेच स्टुडिओत उभं राहून वाजवलं आणि घरी गेले. बँडचं नाव बोरिस कार्लोफच्या एका भयपटावरून उचललेलं. त्या पहिल्या रेकॉर्डच्या सुरुवातीला पाऊस आहे, गडगडाट आहे, देवळाची घंटा आहे, काळी आकृती आहे. भीती खरी वाटते, पण ती चित्रपटगृहातली भीती आहे. तिकीट काढून अनुभवायची.

दुसऱ्या रेकॉर्डमध्ये ही मुलं चित्रपटगृहातून बाहेर पडली. माझ्या दृष्टीने ‘पॅरानॉइड’चं मोल इथे आहे, आणि ज्यांनी कुणी तिला निव्वळ गोंगाट म्हटलं त्यांनी ही वाट पाहिलीच नाही. सहासात महिन्यांत भीतीचा पत्ता बदलला. आता भीती आहे ती युद्धाची, आणि गरिबांच्या मुलांना लढायला पाठवून स्वतः मागे बसणाऱ्यांची. भीती आहे अणुबॉम्बची. व्हिएतनामहून परतलेल्या आणि सुईच्या नादाला लागलेल्या सैनिकांवर एक अख्खं गाणं आहे. शब्द बहुतेक गीझर बटलरचे. हा बास गिटार वाजवणारा, चौघांत वाचणारा. मोठ्या कुटुंबातला, कॅथलिक घरचा मुलगा. सैतान वगैरे त्याला घरबसल्या माहीत होता. दुसऱ्या रेकॉर्डमध्ये त्याने सैतानाला कचेरीत बसलेला पाहिला.

ते पहिलं गाणं, ‘वॉर पिग्ज’, जवळजवळ आठ मिनिटांचं. ते स्टुडिओत बसून जमलेलं नाही. झुरिकच्या एका क्लबात या मुलांना दिवसातून अनेकदा मंचावर उभं राहावं लागे. ऐकणारे चारदोन, गाणी संपलेली, वेळ मात्र भरून काढायचा. मग एकच सुरावट लांबवत, वळवत, पुन्हा धरत त्यांनी तो वेळ काढला, आणि त्या काढलेल्या वेळातून हे गाणं घडलं. आमचे बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दारात कार्ड घेऊन उभे राहत. आत घेतलं तर काम, नाहीतर घरी. त्या उभं राहण्यातून गिरणगावात किती कहाण्या, किती गप्पा, किती लावण्या-पोवाडे जन्माला आले, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. वेळ काढावा लागणं हेही एक शिक्षण असतं.

जून १९७० मध्ये ही मंडळी लंडनला रीजंट साउंड आणि आयलंड या स्टुडिओंत शिरली. निर्माता रॉजर बेन, पहिल्या रेकॉर्डचाच. काही दिवसांत काम उरकलं. शेवटी लक्षात आलं की रेकॉर्ड थोडी तोकडी पडते आहे, तीनेक मिनिटं भरायला हवीत. बाकीचे खायला बाहेर गेले होते, तेवढ्यात आयोमीने एक सुरावट काढली. ते परतले, ऐकलं, बटलरने भराभर शब्द लिहिले, ओझीने कागद हातात धरून गायलं. अर्धा तास लागला नसेल. हे भरतीचं गाणं म्हणजे ‘पॅरानॉइड’. तेच इंग्लंडच्या यादीत चौथ्या क्रमांकावर चढलं. रेकॉर्डचं नाव ठरलं होतं ‘वॉर पिग्ज’. कंपनीने ते बदलून या गाण्याचं दिलं. मुखपृष्ठ मात्र आधीच तयार होतं. ढाल-तलवार घेतलेला, शिरस्त्राण घातलेला एक माणूस अंधारातून धावून येतो आहे, आणि वर लिहिलेल्या नावाशी त्याचा काही संबंध नाही. लहानपणी ते चित्र आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. आमच्याकडे फक्त निळी शाई होती.

समीक्षकांनी या रेकॉर्डला झोडपलं. बेसूर, बोजड, अडाणी. हे शब्द मला ओळखीचे वाटतात. शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं, तेव्हा त्यांच्या डफाबद्दलही सभ्य बैठकांत फार निराळं बोललं जात नसणार. लोकांनी मात्र निकाल दिला होता. ऑक्टोबर १९७० मध्ये ‘पॅरानॉइड’ इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेली. त्या देशात या बँडला पुन्हा पहिला क्रमांक मिळाला तो थेट २०१३ मध्ये. आणि ज्या ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने या मुलांना सुरुवातीला हिडीसफिडीस केलं, त्यानेच २०१७ मध्ये हेवी मेटलच्या शंभर श्रेष्ठ अल्बमांच्या यादीत ‘पॅरानॉइड’ला सगळ्यांत वर बसवलं. सत्तेचाळीस वर्षं लागली. कामगाराच्या गाण्याला दाद मिळायला एवढा वेळ लागतो हे मला पटत नाही, पण असं होतं.

आता बाबांबद्दल लिहिलं पाहिजे, कारण त्यांच्याशी माझा या रेकॉर्डवरून एक वाद आहे आणि ते गेल्यावरही तो संपलेला नाही.

बाबा साळखात्यात होते. लाकडी धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत आपटत जातो, असे शेकडो माग एका छपराखाली. तिथे बोलणं शक्य नसे. कामगार ओठ वाचायचे, हातांनी खुणा करायचे. जॉबर आला, धागा तुटला, चहा आला, पगार झाला, सगळ्याला खुणा. बाबा घरातही मोठ्याने बोलायचे आणि आई हळू बोलली की तिच्या ओठांकडे बघायचे. मी कॉलेजात जायला लागल्यावर मला वाटायला लागलं, की हा माणूस ही रेकॉर्ड ऐकेल तर त्याला ती कळेल. इतर कुणापेक्षा जास्त कळेल. एका रविवारी मी त्यांना ‘आयर्न मॅन’ ऐकवलं. ढोलाचे संथ, जड ठोके आणि मग लोखंडाच्या माणसाच्या चालीने येणारी गिटार. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “त्या आवाजातून सुटलो की कान धुवायला भजनाला बसायचो आम्ही. तू तोच आवाज घरात आणलास?”

रागावले नव्हते. खरंच विचारत होते.

मी पुष्कळ वर्षं याचं उत्तर शोधतो आहे. गिरणगावात गाणं कमी होतं असं कोण म्हणेल? डबलबारी भजनाच्या रात्री होत्या, शक्ती-तुरा होता, शाहिरी होती, बाल्या डान्स होता, गणपतीत बेंजो होता. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसं गावाकडचा सूर पेटाऱ्यात घालून आली होती, आणि पाळी सुटल्यावर तो उघडून बसत होती. पण त्या गाण्यात गिरणीतला आवाज नव्हता. गिरणीबद्दल होतं, मालकाबद्दल होतं, संपाबद्दल होतं, भाकरीबद्दल होतं. मागाचा तो प्रत्यक्ष दणका, कानाचा पडदा फाडणारा, छातीच्या फासळ्यांत वाजणारा, तो कुणी सुरांत घेतला नाही. बर्मिंगहॅमच्या पोरांनी घेतला. मला वाटतं त्याचं कारण वय आहे. ते वीस-बावीस वर्षांचे होते आणि कारखान्यातून निसटून आलेले होते. निसटलेला माणूस मागे वळून त्या आवाजाला तोंड देऊ शकतो. बाबांना उद्या सकाळी पुन्हा आत जायचं असे. त्यांना रात्री तुकोबा हवा होता, आणि तो त्यांचा हक्क होता.

मग आमचं काय? आम्ही निसटलेले होतो. की ढकलून बाहेर काढलेले?

तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहतो तेव्हा मला अस्वस्थ व्हायला होतं. १९८२ ला गिरणगावातले माग थांबले. १९८४ मध्ये याच शहरात रॉक मशीन नावाचा बँड उभा राहिला. १९८६ मध्ये धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक महोत्सव सुरू झाला. म्हणजे शहराच्या एका भागातला आवाज विझला आणि चारच मैलांवर दुसरा सुरू झाला, आणि दोघांची गाठ पडली नाही. मी त्या दोन्हींच्या मधे हार्बर लाइनने ये-जा करत होतो. रे रोडहून व्ही.टी., तिथून चालत रंगभवन. सेंट झेवियर्सच्या शेजारचं ते उघडं नाट्यगृह. ऑगस्टचा पाऊस, भिजलेली पोरं, वर आभाळ आणि समोर स्पीकरांची भिंत. पहिल्यांदा त्या भिंतीसमोर उभा राहिलो तेव्हा छातीत जे हललं ते नवं नव्हतं. लहानपणी बाबांचा डबा घेऊन गिरणीच्या दारापर्यंत गेलो होतो आणि दार उघडलं तेव्हा हेच हललं होतं.

त्या काळी रंगभवनात लोकांना दुसऱ्यांची गाणी हवी असायची. डीप पर्पल, लेड झेपलिन, आयर्न मेडन. जो बँड ती हुबेहूब वाजवील तो थोर. स्वतःचं गाणं सुरू केलं की खालून फर्माइशींचा गलका उठायचा. रॉक मशीनने अशा गर्दीपुढे स्वतःची गाणी वाजवायचा हट्ट धरला. उदय बेनेगल गायला, महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, मार्क सेल्विन बासवर, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर. १९८८ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, ‘रॉक अँड रोल रेनेगेड’. आणि १९९० मध्ये दुसरा, ‘द सेकंड कमिंग’.

१९९० मध्ये भारतात इंग्रजी रॉकचा दुसरा अल्बम काढणं म्हणजे काय, हे आज सांगूनही पटणार नाही. खासगी रेडिओ नव्हता. टीव्ही म्हणजे दूरदर्शन. कॅसेटचा बाजार हिंदी सिनेमाच्या मुठीत. पहिला अल्बम माणूस उमेदीवर काढतो. दुसरा काढताना त्याला सगळं माहीत असतं: कोण ऐकणार नाही, कुठे वाजणार नाही, दुकानदार कॅसेट कुठल्या कप्प्यात टाकणार. हे सगळं माहीत असून त्यांनी तो काढला, म्हणून मी या बँडला मानतो. उपग्रह वाहिन्यांबरोबर एमटीव्ही आशिया आपल्याकडे आलं १९९१ मध्ये, रेकॉर्ड निघाल्यानंतर वर्षाने. १९९३ मध्ये या मंडळींनी नाव बदललं. नव्या नावात सिंधू नदी आली: इंडस क्रीड. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’ या त्यांच्या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचं आशियाई प्रेक्षकपसंतीचं पारितोषिक मिळालं. मुंबईच्या पोरांचं गाणं आशियाभर दिसलं. १९९५ मध्ये नव्या नावाचा अल्बम, १९९७ मध्ये पांगापांग, २०१० मध्ये पुन्हा एकत्र, २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’. रंगभवनाचं नशीब इतकं चांगलं नव्हतं. २००० चे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. इस्पितळं आणि शिक्षणसंस्था यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. रंगभवन त्यात सापडलं आणि काही वर्षांत तिथलं रॉक बंद झालं.

मला त्या बँडकडून गिरणीचा आवाज हवा होता, असं मी कधी कुणाला म्हटलं नाही आणि तशी अपेक्षा धरणं रास्तही नव्हतं. त्यांची मुंबई निराळी होती. आपापल्या मुंबईशी प्रामाणिक राहून त्यांनी दुसऱ्या रेकॉर्डनंतर स्वतःचं नाव तपासलं, हे पुरे आहे. सवाल घोडपदेवला होता. आमच्यातून चार पोरं का उभी राहिली नाहीत?

कारणं साधी आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं झोपतात तिथे ड्रमचा संच ठेवायला जागा नसते. ॲम्प्लिफायरच्या किमतीत घराचं वर्षाचं रेशन यायचं. गिटार शिकवणारे सर वांद्र्याला, गाणी इंग्रजीत, आणि आमची इंग्रजी महापालिकेच्या शाळेतली. आणि त्या वर्षांत गिरणी कामगारांच्या मुलांपुढे पहिला प्रश्न संध्याकाळच्या पिठाचा होता. दादाने पुढे फिटरकी सोडून रिक्षा घेतली. पण मला सगळ्यांत मोठं कारण वेगळंच वाटतं. आमच्या आवाजाची आम्हाला लाज वाटायला शिकवलं गेलं होतं. गिरण्या गेल्या तेव्हा शहर म्हणालं, बरं झालं, गोंगाट गेला, धूर गेला. आम्हीही मान डोलावली. ज्या आवाजाने बाबांचे कान नेले तो आवाज त्यांचाच होता, त्यांच्या कष्टाचा होता, आणि त्याचं गाणं करायचा पहिला अधिकार त्यांच्या मुलांचा होता, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. नारायण सुर्व्यांनी सांगितलं होतं खरं. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने सांभाळलेलं हे मूल, ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ मध्ये आणि पाठोपाठ दुसरा संग्रह ‘माझे विद्यापीठ’ १९६६ मध्ये घेऊन आलं. कवितेत ते झालं. सुरांत व्हायचं राहिलं.

५ जुलै २०२५ ला ब्लॅक सॅबथचे चौघेही म्हातारे ॲस्टनमध्ये, व्हिला पार्क मैदानावर, शेवटचं वाजवायला उभे राहिले. ओझीचं लहानपणीचं घर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. त्याला उभं राहवत नव्हतं, म्हणून तो सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. चौघांनी मिळून चार गाणी वाजवली आणि त्यांतली तीन दुसऱ्या रेकॉर्डमधली होती: ‘वॉर पिग्ज’, ‘आयर्न मॅन’, ‘पॅरानॉइड’. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ओझी गेला. बर्मिंगहॅमने त्याची अंत्ययात्रा रस्त्यावरून काढली आणि लोक दुतर्फा उभे राहिले. आपल्या कारखान्यातल्या पोराला एका शहराने दिलेला तो निरोप मी मोबाइलवर पाहिला, न्यू हिंद मिलच्या आवारात उभा राहून. आता तिथे म्हाडाने गिरणी कामगारांसाठी बांधलेले टॉवर आहेत. एका टॉवरच्या जिन्यात दोन मुलं बसली होती. एकाच्या मांडीवर लॅपटॉप, दुसऱ्याच्या कानात इयरफोन. ठेका तयार करत होती. मी विचारलं, मराठीत करता का? “मराठीतच,” तो म्हणाला, “काका, इथलंच करतो.” त्यांना ना ड्रमला जागा लागते ना ॲम्प्लिफायरला पैसे. मी त्यांना विचारलं, मागाचा आवाज ऐकलाय का कधी? नव्हता ऐकला. त्यांच्या आज्याने साळखात्यात उभी हयात काढली होती.

म्हणून माझं एक मागणं आहे. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक दोन-तीनच्या जागेवर महापालिकेने वस्त्र संग्रहालयाचं काम हाती घेतलं आहे. तिथे माग ठेवतील, फोटो लावतील, माहितीचे फलक लावतील. मला तिथे एक चालू माग हवा आहे. शक्य असेल तर एका ओळीत वीस, आणि काचेमागे झाकलेले नकोत. आठवड्यातून एक दिवस ते पूर्ण दणक्यात चालवावेत. जे साळखात्यातले म्हातारे अजून आहेत त्यांना चालवायला बोलवावं, आणि त्याचे रीतसर पैसे द्यावेत. धोट्याचा, पट्ट्याचा, भोंग्याचा आवाज चांगल्या मायक्रोफोनवर उतरवून तो फुकट खुला करावा, कुणीही घ्यावा असा. घोडपदेवच्या त्या दोन पोरांना तिथे एक खोली द्यावी आणि दाराला आतून कडी असावी. पहिली रेकॉर्ड त्यांची कशीही होऊ दे. मी दुसरीची वाट पाहीन.